तोंडवळ्यांची उसनी तोंडं

तोंडवळे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव साप्ताहिकाच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखात होतं. माणसाचा तोंडवळा कागदावर उतरवतो तो तोंडवळे, असं छापखान्यातलं कुणीतरी कधीतरी म्हणालं आणि ते नाव असं चिकटलं, की लोक आमंत्रणपत्रिकेवरही 'श्री. तोंडवळे' असंच लिहू लागले. माणूस तसा किरकोळ. उंची बेताची, केस बेताचे, आवाज बेताचा. गर्दीत हरवले असते तर पोलिसांना वर्णन काय द्यायचं, हा बायकोला प्रश्नच पडला असता. देवाने त्यांचा चेहरा कच्चा खर्डा म्हणून काढून ठेवला असावा आणि पक्का करायचं विसरून तो पुढच्या माणसाकडे वळला असावा.

पण या मोकळ्या जागेवरच त्यांचा सगळा धंदा उभा होता. तोंडवळे नामवंतांची अर्कचित्रं काढत. मंत्री, नटनट्या, खेळाडू, गवई, दूरदर्शनवर भविष्य सांगणारे, सगळे त्यांच्या कुंचल्याखालून जात. इतर चित्रकार फोटो समोर ठेवून काढतात. तोंडवळ्यांना ते जमत नसे. ते आधी तो चेहरा स्वतःच्या तोंडावर चढवत. नवा जोडा पायात घालून दुकानात दोन फेऱ्या माराव्यात, तसे ते नवा चेहरा घालून घरभर फिरत. कुठे चावतो, कुठे सैल होतो, ते बघत. एकदा तो तोंडावर नीट बसला, की आतून चाचपत चाचपत कागदावर उतरवत. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक चेहऱ्याला एक कडी असते. कुणाची नाकात असते, कुणाची हनुवटीत, एखाद्याची तर नुसत्या कानाच्या पाळीत. ती हाताला लागली की अख्खं दार आपोआप उघडतं.

या पद्धतीत खोट एकच. घातलेला चेहरा वेळेवर उतरत नसे.

त्यामुळे सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना बायको आधी विचारून घेई, "आज कोण?" ती औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहायची. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिची नजर अशी तयार झाली होती, की तोंडवळ्यांनी पहिला घोट घेतला की तिला येत्या अंकात कोण आहे ते कळे. बशीत सांडला तर गृहमंत्री. घोट तोंडात घोळवून डोळे मिटले तर ते बुजुर्ग गवई. एकदा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने पाणी का येत नाही असं सहज विचारलं, तर तोंडवळ्यांनी खालचा ओठ पुढे काढून, मान तिरकी करून, या प्रकरणाची सखोल चौकशी होईल असं सांगितलं. शेजारी महिनाभर बोलला नाही. मेहुणीच्या साखरपुड्यात ते एका गाजलेल्या खलनायकाच्या चेहऱ्याने वावरले, तेव्हा मुलाकडच्यांनी बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, यांचा या लग्नाला विरोध आहे का.

घरात तिसरं माणूस म्हणजे आत्या. तोंडवळ्यांना लहानपणापासून तिनेच वाढवलं होतं. आता तिचं वय झालं होतं, गुडघे संपावर गेले होते; पण जीभ अजून नोकरीत होती. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून टीव्ही लावायचा आणि पडद्यावर येईल त्याची हजेरी घ्यायची, हा तिचा उद्योग. घरातली सगळ्यात मोठी सत्ता मात्र तिच्याकडे होती. कुठलंही अर्कचित्र आत्याने पास केल्याशिवाय छापायला जात नसे.

परीक्षेची रीत ठरलेली. चित्र पुरं झालं की तोंडवळे ते हनुवटीखाली दोन्ही हातांनी धरत, ठाण्यात चोराला पाटी धरायला लावतात तसं, आणि आत्यासमोर जाऊन उभे राहत. कोण आहे ते सांगायचं नाही, खोकायचंही नाही. आत्या डोळे बारीक करी आणि नाव घेई. नाव बरोबर आलं की चित्र पास. कधीकधी ती वर दुरुस्तीही सुचवी. "भुवई आणखी वर पाहिजे." "ओठ अंमळ डावीकडे." मग तोंडवळे धावत टेबलाशी जात, भुवई वर नेत, परत येत. "हां, आता झाला तो," आत्या म्हणे. संपादकांनी एखाद्या चित्रावर नाक मुरडलं, की तोंडवळे छाती काढून सांगत, "आमच्या आत्याने ओळखलंय." संपादक चित्र छापायला देत, कारण त्यांना आत्या नव्हती.

अशा या विजयी कारकिर्दीत एकच काटा होता. थोरल्या बाई.

थोरल्या बाई म्हणजे पडद्यावरच्या आणि रंगभूमीवरच्या अशा अभिनेत्री, की त्यांचं नाव घ्यायची कुणाला गरजच पडत नसे. 'बाई' म्हटलं की त्याच. रडवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या पडद्यावर नुसत्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, तरी तीन रांगांतून हुंदके येत. आणि चेहरा असा घोटीव, असा निर्दोष, की अर्कचित्रकाराने डोकं आपटून घ्यावं. ना नाक पुढे, ना हनुवटी मागे. कडी नावाला नाही. तोंडवळ्यांनी तो चेहरा घालून बघायची शर्थ केली, पण आरशात दर वेळी दिसे तो पोट साफ न झालेला मिशीवाला इसम.

तरी त्यांनी पूर्वी दोनदा बाईंचं चित्र काढून, सवयीने हनुवटीखाली धरून त्यांच्यापुढे नेलं होतं. बाईंची रीत प्रसिद्ध होती. चित्र पटलं तरच त्या त्यावर सही देणार. पण आजवर कुणा चित्रकाराला सही मिळाली नव्हती. त्या चित्र हातात घेत, बराच वेळ बघत, आणि खडीसाखरेसारख्या आवाजात म्हणत, "चित्र छान आहे. कोणाचं आहे?" एवढंच. मग चहा सांगत. तो चहा गिळताना भलेभले चित्रकार म्हातारे झाले होते. तोंडवळे दोन कप प्यायले होते.

आणि आता बाई रंगभूमीवरून निवृत्त होणार होत्या. शेवटच्या प्रयोगाच्या निमित्ताने साप्ताहिकाचा खास अंक निघणार होता आणि मुखपृष्ठावर तोंडवळ्यांनी काढलेलं बाईंचं अर्कचित्र, त्यावर बाईंची सही, असा बेत ठरला. संपादक सावध गृहस्थ. छत्री आणि रेनकोट दोन्ही घेऊन निघणारे. त्यांनी एका फुलदाणीचा रंगीत फोटोही तयार ठेवला. सही मिळाली तर बाई, नाही मिळाली तर फुलदाणी. तोंडवळ्यांना रात्रंदिवस ती फुलदाणी डोळ्यांपुढे दिसू लागली. बाई पुन्हा "कोणाचं आहे" म्हणाल्या, तर ही शेवटची संधीही गेली आणि जन्मभर ज्या चेहऱ्यामागे धावलो तो हातचा सुटला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बायकोला ते म्हणाले, "या वेळी नाही जमलं तर मी फुलदाण्याच काढत जाईन." बायको म्हणाली, त्याही तुम्ही आधी घालून बघाल.

चित्र द्यायच्या दिवशी सकाळीच त्यांची दाढ फुटली.

त्याला कारण होते अर्थमंत्री. हे मंत्री बोलताना दातांवर दात आवळत, जणू तोंडात कर भरला आहे आणि तो कुणी काढून घेईल. तोंडवळ्यांनी मागच्या अंकासाठी तो चेहरा घातला होता आणि तो झोपेतही उतरला नव्हता. सकाळी कट्कन आवाज झाला आणि ते गाल धरून दंतवैद्याकडे धावले. दंतवैद्याने आत दिवा टाकून बघितलं आणि एवढं कठीण काय चावलंत म्हणून विचारलं.

"काही नाही," तोंडवळे म्हणाले. "अर्थमंत्री काढत होतो."

दंतवैद्याने बधिर करायचं औषध जरा जास्तच टोचलं असावं. दाढ निघाली आणि तोंडवळे अर्धा चेहरा घेऊन घरी आले. डावी बाजू घरची, उजवी बाजू परक्याची. गाल टम्म फुगलेला, ओठाचा कोपरा सुट्टीवर. आरशासमोर उभं राहून त्यांनी थोरल्या बाईंचा चेहरा चढवायला घेतला. डावीकडे बाई आल्या. उजवीकडून कुणीच आलं नाही. त्यांनी गृहमंत्री करून बघितले, गवई करून बघितले, कुणी येईना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ घालायला एकही तोंड नव्हतं. आणि बाईंनी पाच वाजता, तालमीनंतर, रंगपटात बोलावलं होतं.

नाइलाजाने त्यांनी ती गोष्ट केली, जी इतर चित्रकार पहिल्या दिवसापासून करतात. फोटो पसरले आणि नुसतं बघत बसले.

बघता बघता त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. बाई एका फोटोत नवऱ्याच्या प्रेतापाशी बसल्या होत्या. दुसऱ्यात कोर्टात उभ्या होत्या, तिसऱ्यात बुडत होत्या. चेहऱ्यावर दुःखाचा डोंगर. पण उजव्या ओठाच्या टोकाला, अगदी कोपऱ्यात, काहीतरी दाबून धरलेलं. गंभीर सभेत शेजारच्याने कानात विनोद सांगावा आणि आपण खाली बघावं, तसं. प्रत्येक फोटोत तेच. तोंडवळे इतकी वर्षं तो चेहरा घालत होते, पण दुःख घालत होते. बाई हसत होत्या. अख्खा जन्म आतल्या आत हसत होत्या.

कडी तिथे होती.

मग हात असा सुटला, की चहा निवला तरी त्यांना कळलं नाही. त्यांनी मोठा, बंद दरवाजासारखा गंभीर चेहरा काढला. पापण्या जड, हनुवटी छातीशी, कपाळावर जगाचा भार. आणि उजव्या कोपऱ्यात, दाराच्या फटीतून खोडकर पोर डोकावावं तसं एक हसू. रंग वाळायच्या आत ते कागद हनुवटीखाली धरून आत्यासमोर उभे राहिले. बायकोच्या दुकानाला सुट्टी होती. तीही येऊन मागे उभी राहिली.

आत्याने डोळे बारीक केले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. एवढा वेळ तिने कधी कुणाला लावला नव्हता.

"मुष्टियोद्धा आहे," ती शेवटी म्हणाली. "हरलेला."

तोंडवळ्यांनी चित्र आणखी पुढे केलं. आत्या म्हणाली, चांगलाच मार बसलाय रे त्याला, गाल बघ केवढा सुजलाय.

आता तोंडवळे चित्र फाडणार, तोच बायकोने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. ती चित्राकडे बघत होती. चित्रात कुणाचाही गाल सुजलेला नव्हता. औषधांच्या दुकानातली नजर ती. तिने एका क्षणात निदान केलं. तिने चित्र उलटं केलं, कोरी बाजू आत्याकडे करून ते स्वतःच्या हनुवटीखाली धरलं आणि विचारलं, "आत्याबाई, आणि हे कोण?"

"ही तर तू," आत्या म्हणाली. "नाक जरा मोठं झालंय, पण तूच."

टीव्हीवरची वृत्तनिवेदिकासुद्धा ओशाळल्यासारखी वाटली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. मागच्या निवडणुकांपासून तिला कागदावरची रेघ दिसतच नव्हती. शस्त्रक्रियेची भीती, म्हणून ती बोलली नव्हती. टीव्ही ती कानांनी बघत होती आणि अर्कचित्रं ओळखत होती ती भाच्याच्या तोंडाकडे बघून.

"मग बिघडलं काय?" आत्या उलट फिरली. "एक तरी नाव चुकलं का माझं? बाळ्या, तुझं तोंड मी पाळण्यापासून बघतेय. ते मला अंधारातही दिसतं. आणि या घरात मला दुसरं काम तरी काय उरलंय?"

तोंडवळे बोटांवर मोजू लागले. म्हणजे इतके अंक, इतके मंत्री, इतके नट, सगळे विनापरीक्षा गेले. भुवई वर घे म्हणून आत्या सांगत होती, ती त्यांची स्वतःची. बायको म्हणाली, अहो, पण लोक ओळखतात की तुमची चित्रं. त्यावर तोंडवळ्यांनी बधिर ओठातून असा टाहो फोडला, की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

"अगं, खाली नाव छापलेलं असतं!"

मग त्यांनी बायकोलाच विचारलं, हे चित्र कुणाचं आहे, खरं सांग. बायको चित्राकडे बघत राहिली. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पण ती म्हणाली, "मी नाही सांगणार. तुम्ही कुणाकडे निघालाय ते मला ठाऊक आहे. माझी साक्ष चालायची नाही." आणि ती चपला घालून तयार झाली, कारण तोंडवळ्यांच्या बोलण्यात 'थोरल्या बाई' हे 'थोवव्या बाई' असं येत होतं आणि दुभाषी लागणार होता. वाटेत तिने एकच ताकीद दिली. तिथे गेल्यावर तोंड सरळ ठेवायचं. कुणीही व्हायचं नाही.

रंगपटात आरशांभोवती दिव्यांच्या माळा होत्या आणि खुर्च्यांवर नाटकातले कपडे मुडदे पडावेत तसे पडले होते. संपादक आधीच येऊन कोपऱ्यात बसले होते. मांडीवर पाकीट, पाकिटात फुलदाणी. थोरल्या बाई आल्या. बायकोने तोंडवळ्यांच्या वतीने नमस्कार केला, दाढेची कथा थोडक्यात सांगितली आणि चित्र पुढे केलं.

बाईंनी चित्र हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. संपादकांनी पाकीट हळूच उघडायला घेतलं.

"चित्र छान आहे," बाई म्हणाल्या.

हे शब्द तोंडवळ्यांनी पूर्वीही ऐकले होते. पुढचे कोणते येतात तेही ठाऊक होते. नेमक्या त्याच वेळी औषधाचा अंमल उतरू लागला. उजव्या गालात मुंग्या धावल्या. ओठाचा कोपरा सुट्टीवरून कामावर रुजू झाला. आणि सकाळपासून उंबऱ्याशी ताटकळलेला चेहरा, मालकाला न विचारता, एका उडीत आत शिरला. पापण्या जड झाल्या. हनुवटी छातीशी गेली. कपाळावर जगाचा भार आला. आणि उजव्या कोपऱ्यात, टम्म सुजलेल्या गालामुळे चौपट मोठं झालेलं, ते दाबलेलं हसू.

"कोणाचं" म्हणण्यासाठी बाईंनी मान वर केली आणि समोर स्वतःलाच बघितलं. मिशीसकट.

मागे बायकोने डोळे मिटून घेतले.

आधी बाईंचा खांदा हलला. मग नाकातून एक बारीक आवाज आला, किटली उकळायच्या बेतात असते तसा. आणि मग जे दार इतकी वर्षं कुठल्या दिग्दर्शकाला, कुठल्या छायाचित्रकाराला उघडता आलं नव्हतं, ते सताड उघडलं. बाई हसल्या. टेबल धरून हसल्या, खुर्चीतल्या मुडद्यांवर बसून हसल्या. पावडरीचा डबा खाली पडला आणि संपादक पांढरे झाले, तरी त्या हसतच होत्या. पलीकडून तालमीतली मंडळी धावत आली. बाई रडतात तेव्हा काय करायचं हे त्यांना माहीत होतं; बाई हसल्यावर काय करायचं, हे कुणालाच सुचेना.

"हे तुम्हाला दिसलं कसं हो?" डोळे पुसत बाईंनी विचारलं. "शाळेत मास्तर गंभीर धडा शिकवायला लागले की मला हसू फुटायचं आणि रोज वर्गाबाहेर उभी राहायचे. तेव्हापासून दाबतेय. लोकांना वाटतं, मी दुःख आवरतेय."

त्यावर तोंडवळ्यांनी खरं ते सांगितलं. दाढ गेली म्हणून दिसलं.

बाई त्यांच्याकडे निरखून बघू लागल्या. डोकं तिरकं करून, कसबी माणूस दुसऱ्या कसबी माणसाच्या कामाकडे बघतो तसं. मग त्यांनी चित्र हनुवटीखाली धरलं, खांदे पाडले, एक गाल फुगवला, भुवया मध्ये चढवल्या आणि डोळ्यांत असं काही आणलं, की परीक्षेला बसलेला पोरगा आणि निकाल देणारा मास्तर दोघं एकाच वेळी घाबरलेले दिसावेत. बायकोने डोळे उघडले आणि ती पोट धरून खाली बसली.

"अहो," ती हसता हसता म्हणाली, "हे तर तुम्ही!"

तोंडवळे बघतच राहिले. आरशासमोर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण तिथे त्यांना नेहमी मंत्री भेटले होते, नट भेटले होते. या गृहस्थाशी गाठ पडायची राहून गेली होती. त्यांना तो बरा वाटला. जरा वेंधळा, पण बरा.

बाईंनी सही केली. नेमकी चित्रातल्या त्या कोपऱ्याशी, हसण्याच्या टोकाला शेपटी जोडावी तशी. मग चहा आला. तोंडवळ्यांनी तो फक्त डाव्या बाजूने प्यायला, तरी इतका गोड चहा त्यांना आठवत नव्हता. संपादकांनी फुलदाणीचं पाकीट परत मुडपून खिशात घातलं. फेकून दिलं नाही, सावध गृहस्थ.

घरी आल्या आल्या बायकोने आत्याला बजावलं, की येत्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे आणि यावर चर्चा नाही. आत्या कुरकुरली आणि बाळ्या सोबत बसणार असेल तर येते म्हणाली. तोंडवळे तिच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. आता यात काही अर्थ नाही हे ठाऊक असूनही सवयीने त्यांचे हात वर गेले आणि सही केलेलं चित्र हनुवटीखाली आलं. चेहऱ्यावर काय आहे, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बाईंनी करून दाखवलेला तो गृहस्थ तिथून उठलाच नव्हता.

आत्याने डोळे बारीक केले. या वेळी तिला मुळीच वेळ लागला नाही.

"हा आपला बाळ्या," ती म्हणाली. मग जरा थांबून, काळजीने तिने विचारलं, "पण याचं चित्र कशाला काढलंस रे? याला कोण ओळखतं?"